दाराची कडी

धाकटीचं लग्न झालं त्या वर्षी कपड्यांच्या कारखान्याला आग लागली. तिथं कामाला असलेला माझा मधला पोरगा वाचला, पण तोंडातून शब्द फुटेना. कारखान्याचं दार उघडंच होतं, मालक शपथेवर सांगत होता; त्याला खोटं पाडणारा हाच उरला. सरकारी चौकशीच्या बाई घरी आल्या. आमच्या आक्कानं दाराला कडी घातली. "मेले शेजारी कान लावून बसतात!" कडी वाजली आणि पोरगा भिंतीला जाऊन चिकटला. "वाघासारखा गडी तू, बोल की!" आक्का म्हणाली. बाईंनी तिला नजरेनंच गप्प केलं, दार सताड उघडलं आणि लांब कोपऱ्यात जमिनीवर बसल्या. "तू दाराशी बस. नको वाटलं तर उठून जा." पोरगा दाराशी सरकला आणि त्यानं कडी मुठीत धरली. "तिथं बाहेरून होती. दादा दार ओढत राहिला." माझा थोरला त्या आगीत गेला, धाकटी माहेरी यायच्या आदल्या दिवशी.