एक तास जास्त

"भट्ट्या तासभर उशिरा पेटतायत, साहेब. चार दिवस झाले. गिऱ्हाईक दारात आणि पाव कच्चे," फोनवरच्या बाई सांगत होत्या. झ्नोइमोजवळच्या एका गावात त्यांची बेकरी होती. "भाचा म्हणतो, काकांचा भट्ट्या पेटवायचा प्रोग्राम फेकून द्या आता."

"काकांनी लिहिलाय?" रादिमने विचारलं.

"माझ्या बोहुशने. त्याला जाऊन सहा वर्षं झाली. त्याच्या वहीत लिहिलंय, लायब्ररीतलं गाढव हिवाळ्यात एक तास जास्त सांगतं, म्हणून मी एक वजा करतो."

ते गाढव म्हणजे रादिमच.

लायब्ररी म्हणजे हजारो प्रोग्राम जिच्याकडून बारीकसारीक कामं करून घेतात ती सामाईक पेटी. ब्रनोच्या या ऑफिसात तिची देखभाल चाले, आणि तिथला रिवाज सोवळ्याइतका कडक. चूक सापडली की सुधारलेलं फंक्शन, म्हणजे पेटीतलं ते एक अवजार, नव्या आवृत्तीच्या शिक्क्याने ठेवायचं. जुनं मात्र जुन्या शिक्क्याखाली चुकीसकट राहू द्यायचं, कारण त्याच्यावर कोण विसंबून आहे, कुणी सांगावं? बावीस वर्षं रादिमने हे सगळ्यांना डाफरून डाफरून शिकवलं. आणि निवृत्तीला महिना उरल्यावर, जाताना नावावर डाग नको म्हणून, स्वतःचं वेळ सांगणारं जुनं फंक्शन जुन्याच शिक्क्याखाली गुपचूप दुरुस्त केलं. आता ते बरोबर वेळ सांगत होतं, आणि बोहुशचा प्रोग्राम त्यातूनही एक तास वजा करत होता.

"माझा असाच बदल तुम्ही तीनदा परत पाठवला होतात," शेजारच्या टेबलावरून ब्लांका म्हणाली.

"बोल, बोल. आज तुझा दिवस आहे."

भांडायचंही त्राण नव्हतं त्याच्यात. केलेली सुधारणा खोडून त्याने जुनी चूक होती तश्शी परत बसवली. आपण गेल्यावरही ती आपल्या नावासकट इथेच राहणार, याचं त्याला फार वाईट वाटलं.

दुपारी त्याने बाईंना फोन लावला. "जुनीच लायब्ररी होती तशी परत पाठवलीय. भाच्याला तेवढी बसवायला सांगा. उद्या भट्ट्या वेळेवर पेटतील."

"चुकलं कुणाचं होतं हो?"

"माझं. बावीस वर्षांपूर्वीही, आणि आत्ताही."

"म्हणजे माझ्या बोहुशचं नव्हतं."

"नाही, बाई. त्यांचं गणित बरोबर होतं."

"एकदा भाच्याला सांगता का? इथेच उभा आहे."