मधलं नाव

ओळखपत्राचं कार्ड हातात पडलं तसं किल्लीवालीनं ते आधी बाहीला पुसलं, मग लांब धरून वाचलं. फोटो लेकीचाच होता. पहिलं नाव बरोबर, आडनावही बरोबर. मधे, जिथं बापाचं नाव असतं तिथं, ठळक अक्षरांत छापलं होतं : निरंक.

"हा कोण गं?" तिनं लेकीला विचारलं.

लेकीला आधी हसू आलं, मग ते मावळलं. "आई, अर्जात तू वडिलांचा रकाना मोकळा सोडलास ना? इथं कुणीतरी त्यात निरंक लिहिलं. म्हणजे काही नाही. यंत्राला वाटलं, हेच बापाचं नाव."

रकाना किल्लीवालीकडून चुकून राहिला नव्हता. ज्यानं पोरीचं तोंडही पाहिलं नाही, त्याचं नाव तिनं जन्मभर कशाला वागवायचं, म्हणून मुद्दाम मोकळा सोडला होता. चौकात बसून किल्ल्या घासत तिनं एकटीनं पोर वाढवली, आणि त्या पोरीची आता अग्निशमन दलात निवड झाली होती. उद्या सकाळी हजर व्हायचं होतं. कार्ड नसेल तर ही भरती हातची गेली, आणि पुढची कधी निघेल ते देव जाणे.

ती तडक खिडकीशी गेली. कार्यालय नवं कोरं होतं. कारभार लोकांना दिसावा म्हणून सगळ्या भिंती काचेच्या केल्या होत्या. बोलायला मात्र काचेत एकच भोक, तेही कमरेच्या उंचीवर, त्यामुळे येईल तो आपोआप वाकायचा. किल्लीवाली वाकली नाही. काचेपलीकडं पोचेल अशा खणखणीत आवाजात तिनं विचारलं, "साहेब, हे निरंक कुणी लिहिलं?"

कारकुनानं माइक पुढं ओढला. त्याचा आवाज हॉलभर घुमला. "मुलीच्या वडिलांचं नाव का नाही दिलं?"

बाकांवरची सगळी डोकी वर झाली. लेकीचे कान लाल झाले.

"द्यायचं नव्हतं, म्हणून नाही दिलं," किल्लीवाली म्हणाली. "आता तुम्ही सांगा, हे कुणी लिहिलं?"

"कर्मचाऱ्याचं नाव सांगता येत नाही, मावशी. ते गोपनीय असतं."

"वा! म्हणजे आमचं सगळं माइकवर आणि तुमचं कडीकुलपात? जन्म गेला माझा कुलपं उघडण्यात, पण काचेच्या दाराला एवढं मोठं कुलूप आजच पाहिलं."

मागं कुणीतरी खुसखुसलं. कारकून तसा वाईट माणूस नव्हता, पण हे त्याला झोंबलं. "इथला कारभार एकदम खुला आहे," तो म्हणाला. "तो फलक वाचा हवं तर."

भिंतीवर भलामोठा फलक होता. प्रलंबित अर्ज : निरंक. तक्रारी : निरंक. कर्मचाऱ्यांविरुद्ध चौकशी : निरंक.

किल्लीवालीनं तो शांतपणे वरपासून खालपर्यंत वाचला. "बघ गं," ती लेकीला म्हणाली, "तुझ्या बापानं इथं बराच पसारा मांडलाय."

आता सगळा हॉल हसला. लेकसुद्धा हसली, आणि पुढं होऊन तिनं विचारलं, "वडिलांच्या जागी आईचं नाव लावता येतं ना?"

"येतं की. हे कार्ड परत करायचं, नवा अर्ज भरायचा. या तुमच्या आई आहेत, याचा पुरावा जोडायचा."

"मला उद्याच लागणार आहे. कधी मिळेल?"

"ते वरून ठरतं."

"वर कोण असतं?"

कारकुनानं क्षणभर छताकडं पाहिलं आणि मान हलवली.

किल्लीवालीचा सगळा जोर तिथंच ओसरला. लेकीचा दंड धरून तिनं तिला बाजूला ओढलं. "राहू दे. घे ते कार्ड आणि चल. मला बोलायचं होतं ते बोलून झालं. उद्या एकदा हजर हो, मग बघू काय ते."

"उद्या तिथं पूर्ण नाव पुकारतात, आई. सगळ्या तुकडीसमोर. त्यावर मी 'हजर' म्हणायचं?"

"म्हण की. एका शब्दापायी नोकरीवर पाणी सोडतेस?"

पितळेच्या किसानं काळी पडलेली आईची बोटं लेकीच्या दंडावर घट्ट रुतली होती. ती तिनं एकेक करून हळूच सोडवली, खिडकीशी गेली आणि कार्ड आत सरकवलं.

"हे परत घ्या."

कारकुनानं माइक बाजूला केला. "ताई, नीट विचार करा," तो हलक्या आवाजात म्हणाला. "एकदा परत केलेलं पुन्हा मिळत नाही."

"केला विचार."

किल्लीवालीची इतक्या वर्षांची मेहनत डोळ्यांदेखत काचेपलीकडं चालली होती. ओरडून पोरीला थांबवावं, असं मनात होतं. पण त्याच वेळी पोरीचा असा काही अभिमान वाटला की तिनं हाक मारलीच नाही. तिला स्वतःचाच राग आला आणि तरी ती मान ताठ करून उभी राहिली.

कारकुनानं पडद्यावर काहीतरी उघडलं. "परत करण्याचं कारण?"

"ते लिहायलाच हवं?"

"हो. रकाना मोकळा ठेवता येत नाही."

"मग लिहा," लेक म्हणाली, "आई आहे."