राहिलेली वाक्यं

बनारसच्या ब्रह्मा घाटाच्या पायरीवर बसलेल्या मोरिता बाई बोलता बोलता थांबल्या आणि दुभाषा शोधावा तशा इकडेतिकडे पाहू लागल्या. सुरेखानं मान हलवली.

"मोऊ इचिदो, युक्कुरी," ती म्हणाली. पुन्हा एकदा, सावकाश.

म्हाताऱ्या बाई चकित होऊन तिच्याकडे बघत राहिल्या. सारनाथ बघायला आलेल्या जपानी मंडळींतून त्या एका दुपारपुरत्या सुटून आल्या होत्या, सुरेखाला भेटायला. नागोयाजवळच्या त्यांच्या घरात, वरच्या मजल्यावर, अनिश भाड्यानं राहायचा. सुरेखा आणि नरहरांचा एकुलता एक मुलगा. तिथंच तो तापानं गेला, त्याला आता तीन वर्षं होत आली होती.

तेव्हा अनिशच्या कंपनीनं व्हिडिओ कॉल लावून दिला होता. मोरिता बाई कितीतरी वेळ बोलत होत्या. मध्येच तोंड झाकून रडत होत्या, पुन्हा बोलत होत्या. त्यांचं झाल्यावर दुभाषा म्हणाला, "माताजी, ये कह रही हैं कि आपका बेटा बहुत अच्छा था." बस्स.

"एवढं बोलली ती. मग बाकीचं कुठं गेलं?" फोन बंद झाल्यावर सुरेखानं विचारलं होतं.

दुसरा दुभाषा मिळाला असता. बनारसमध्ये जपानी येणारी माणसं काही कमी नाहीत. पण अनिशचं शेवटचं कुणा परक्याच्या तोंडून ऐकायचं नाही, असं तिनं मनाशी धरलं आणि स्वतःच शिकायला बसली. पोळ्या लाटताना मोबाइलवर धडे लावायची, परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं गिरवायची. शेजारची मालविका म्हणायची, "काकू, या वयात कशाला इतकी मेहनत?" महिना महिना डोक्यात काही शिरायचं नाही. आणि 'तुमच्या घरी किती माणसं आहेत?' हा धडा आला तेव्हा तर तिनं मोबाइल पालथा ठेवला आणि शिकणं सोडूनच दिलं. बऱ्याच दिवसांनी एका सकाळी नरहरांनीच तो उचलून तिच्यासमोर ठेवला.

"मला नाही जमायचं, सुरेखा. तू शिक. दोघांपैकी एकाला तरी कळायला हवं."

मोरिता बाई पुन्हा सांगू लागल्या. आता एकेक शब्द सुटा करून. काही तरीही निसटले, पण जे हाती लागले ते पुरेसे होते.

रविवार होता. अनिश दोन दिवस खाली उतरला नव्हता. मोरिता बाईंनी भाताची पेज केली, वर नेली आणि दार वाजवलं. आतून आवाज आला, "दाइजोबु देस." मी ठीक आहे. वाडगा दारापाशी ठेवून त्या खाली आल्या. संध्याकाळी पाहिलं तर पेज तशीच. झोपला असेल, झोपू दे, असं त्यांना वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी दार उघडलं.

"चावी माझ्याकडे होती," मोरिता बाई म्हणाल्या. "आधीपासूनच होती."

कागि. चावी. सुरेखाला हा शब्द अगदी पहिल्या धड्यांपासून माहीत होता. चावी टेबलावर आहे. ही चावी कुणाची?

मोरिता बाई इतक्या वाकल्या की त्यांचं कपाळ पायरीला टेकतं की काय असं वाटलं. त्या क्षमा मागत होत्या. एकच वाक्य, पुन्हा पुन्हा.

मग का उघडलं नाहीत दार? हे सुरेखाला विचारता आलं असतं. वाक्य जिभेवर तयार होतं, एकही चूक नसलेलं. तिनं श्वासही घेतला. पण त्याच रविवारी सकाळी इकडे तिचाही फोन वाजला होता. घरात श्रावणातले ब्राह्मण जेवायला येणार होते, गॅसवर पुरण होतं. "आई, जरा कणकण आहे. बाकी ठीक आहे मी," अनिश म्हणाला होता, आणि तिनं "काळजी घे रे," म्हणून फोन ठेवला होता.

"वाताशी नि मो," ती म्हणाली. तिनं पुन्हा सुरुवात केली. "वाताशी नि मो, सोऊ इइमाशिता."

मलाही तो तसंच म्हणाला होता.

मोरिता बाईंनी मान वर केली. मग सरकून त्या तिच्या अगदी जवळ आल्या आणि तिच्या मनगटावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या. समोरून रामनगरकडे एक नाव जात होती. नावेतलं कुणीतरी हसत होतं.

नरहर चहा घेऊन पायऱ्या उतरत आले. "लीजिए," म्हणून त्यांनी मोरिता बाईंच्या हाती कुल्हड दिला आणि मग दोघींचे चेहरे पाहिले. स्वतःचा चहा हातात धरून ते उभेच राहिले.

"काय म्हणाल्या त्या?"

सुरेखानं तोंड उघडलं. पेज, वाडगा, दार. त्या परक्या शब्दांत तिनं सगळं ऐकून घेतलं होतं, तग धरून. घरच्या भाषेत त्यातलं अजून काहीच झालं नव्हतं.

"सांगते," ती म्हणाली. "आधी तुम्ही बसा."

नरहर बसले. सुरेखा मराठी शब्द शोधू लागली.