हिल्ल्याची जागा

रायलीने फोटो टेबलावर मांडायला सुरुवात केली, तशी हेल्वीने कॉफीचा कप बाजूला सारून चष्मा चढवला.

"तुला कोणी आवतण दिलंय?" आउने म्हणाली.

"टेबल काय तुझ्या बापाचं आहे?"

दूर उत्तरेतल्या त्या गावच्या वृद्धाश्रमात आउने आणि हेल्वी या दोघींचं रोज असंच चाले. साठ वर्षं शेजारी राहून भांडल्या, आता एका टेबलाशी बसून भांडत होत्या. आउने सत्त्याऐंशीची. तिचे पाय गेले होते, हल्ली डोकंही दगा देत होतं. म्हणून तिची लेक रायली दर महिन्याला कॅमेरा घेऊन रानात जाई, आईच्या जुन्या वाटांनी हिंडे आणि फोटो छापून आणून दाखवी.

एक फोटो नोव्हेंबरचा होता, दुपारी दोनलाच अंधारून निळा पडलेला बर्फ. मार्चचा, गोठून असा टणक झालेला की माणूस चालला तरी पाऊल उमटू नये. मे महिन्यात पायवाट पाण्याखाली. जूनमध्ये दलदलीच्या कडेला पांढरी फुलं. उजेड काय सुरेख पकडलाय, असं कधीतरी आईने म्हणावं ही रायलीची इच्छा. पण म्हातारी फोटो असा बघे, जसा सावकार नोटा उजेडात धरून बघतो.

"फुलं काळी पडली का नंतर? रात्री गारठा पडला?"

"नाही पडला."

"मग बरंय."

यात काय बरं, ते तिथे बसलेल्या तिघींनाही ठाऊक होतं. हिल्ला. त्या पांढऱ्या फुलांचं, दलदलीत एका देठाला एकच लागणारं फळ, कच्चं लाल आणि पिकलं की सोनेरी. इथल्या बायका नवऱ्याची लफडी चवीने सांगतील, पण हिल्ल्याची जागा? प्राण गेला तरी नाही. आउने दर उन्हाळ्यात एकटी जाई आणि दोन बादल्या भरून आणी. कुठून आणते ते तिने पोटच्या पोरीलाही कधी सांगितलं नाही.

"एकदा मी हिच्या मागे गेले होते गं," हेल्वी म्हणाली. "चार तास! चिखलात गुडघ्यापर्यंत. शेवटी बघते तर काय, या सटवीने मला फिरवून फिरवून माझ्याच परसदारी आणून सोडलेलं."

"आणि वर, पाऊस येतोय, सायकल आत घेतलीस का, म्हणून विचारलं होतं मी," आउने म्हणाली आणि दोघी खिदळल्या.

रायलीला हसू आलं नाही. गेल्या आठवड्यात एका पाखरामागे जाता जाता ती झुडपांतून पलीकडे निघाली होती, आणि समोर अख्खी दलदल लाल. हीच का आईची जागा? आईने स्वतःच्या तोंडाने, एकदा, कानात सांगावं, एवढंच तिला हवं होतं. साठी आली तरी हवं होतं. तो फोटो तिने पर्समध्ये वेगळा ठेवला होता. हेल्वी उठली की काढायचा. आणि हेल्वी काही केल्या उठत नव्हती.

"जुलै कुठाय?" आउनेने विचारलं.

"जुलैत नाही गेले मी."

"खोटं बोलतेस. कान बघ कसे लाल झालेत."

"दाखव की," हेल्वी म्हणाली. "बघून मी काय खाणार आहे?"

रायलीने फोटो ठेवला. तिला खात्री होती, आई चेहरा कोरा ठेवून म्हणेल, हे काय, डासांचं माहेर? जावयाचं नाव ती विसरली होती, स्वतःच्या घराचा रंग विसरली होती, पण या जागेवरचा पहारा तिने कधी ढिला सोडला नव्हता.

आउनेने फोटो उचलला आणि तिचा चेहरा उजळला.

"अगं, ही माझी! माझी दलदल!" ती एवढ्या मोठ्याने म्हणाली की पलीकडच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली. "पुलाच्या अलीकडे सायकल टाकायची. मग ओढ्याच्या उजव्या अंगाने..."

हेल्वी खुर्चीतच पुढे सरकली. चष्म्यामागचे डोळे लिंबाएवढे झाले.

जन्मभर ज्याची वाट बघितली ते आई सांगत होती, आणि रायलीला ते आता नको होतं.

"आई, हळू. अगं, हेल्वीमावशी बसलीये इथे."

"मग बसू दे की!" आउनेने हेल्वीच्या हातावर हात ठेवला. "तूही चल गं. शनिवारी जाऊ. दोन बादल्या आण, एकीने काय होतंय?"

हेल्वीने त्या हाताकडे पाहिलं. मग आउनेच्या तोंडाकडे पाहिलं, बराच वेळ. तिथे थट्टा नव्हती. डाव नव्हता. काहीच नव्हतं, नुसता आनंद होता.

"वीज पडलेलं झाड लागतं बघ," आउने सांगत होती, "तिथून वळायचं..."

हेल्वीने हात सोडवून घेतला. उजव्या कानातलं ऐकायचं यंत्र काढलं, मग डाव्या कानातलं, आणि दोन्ही कपाशेजारी ठेवली.

"बोलू दे गं तिला," ती रायलीला म्हणाली, जरुरीपेक्षा मोठ्याने, आणि खुर्ची खिडकीकडे वळवून बसली.