मेहुण्याची सायकल

फिटरने पॉलिश पेपर खाली ठेवला, चष्मा कपाळावर चढवला आणि सायकलच्या सांगाड्याला नाक टेकवून पाहिलं. सीटखालच्या उभ्या नळीवर, मध्याच्या जरा खाली, पितळ चमकत होतं. त्या जागी दुसरी कुठलीच नळी येऊन मिळत नव्हती. मग पितळेची झाळ देऊन इथे काय जोडलं होतं?

त्याने वरची आडवी दांडी घासायला घेतली. गंज आणि जुना रंग निघाला तशी दोन्ही टोकांना, सांध्यापासून बोटभर अंतरावर, पितळेची एकेक अंगठी दिसू लागली. ज्याचं आयुष्य कारखान्यात लोखंड जोडण्यात गेलं त्याला आणखी काय सांगायला हवं! कोणीतरी दांडी कापून खाली तिरकी बसवली होती, आणि नंतर पुन्हा उचलून वर जागेवर आणली होती. वरून रंगाचा असा जाड हात मारला होता की मालकालाही पत्ता लागू नये.

तो चिडलाच. या सायकलला आपल्याशिवाय कोणी पाना लावलेला नाही, असं तो जन्मभर लोकांना ऐकवत आला होता. त्यात ही सायकल परवा मेहुण्याला द्यायची होती, वाढदिवसाची भेट म्हणून. मेहुणा म्हणजे त्याच्या लेखी देवमाणूस. फिटर वर्षभर अंथरुणाला खिळला होता तेव्हा घरची चूल पेटती ठेवली ती मेहुण्याने. तेव्हापासून मेहुणा आला की पंख्याखालची खुर्ची त्याची, पहिला चहा त्याचा, आणि त्याचे विनोद कितीही शिळे असले तरी सगळ्यात मोठं हसू फिटरचं.

"अगं, जरा बाहेर ये," त्याने हाक मारली. "माझी सायकल कोणी कापली होती?"

बायको हात पुसत आली आणि पितळ पाहून दारातच थांबली.

"नुसता वरून रंग मारणार होतात ना तुम्ही? एवढं घासायला कोणी सांगितलं होतं?"

"गंज पोटात ठेवून रंग मारत नाहीत. कोणी कापली?"

"मी. म्हणजे वेल्डरकडून कापून घेतली. एवढ्या उंच दांडीवरून माझा पाय पोचायचा नाही."

"तुला सायकल येते?"

"यायची. आधी गुडघे फुटले, मग आली. पहाटे बेकरीतून पाव घ्यायचे आणि घरोघर पोचवायचे. तुम्ही औषधाच्या गुंगीत असायचात. तुम्हाला जाग यायच्या आत मी परत."

"तू तर नळावर जायचीस, रांग असते म्हणून!"

"वर्षभर? रोज? आणि घरात पाणी तेवढंच?" ती हसली. "तुम्ही हुशार, पण फक्त लोखंडापुरते."

फिटर स्टुलावर बसला. "मग मेहुण्यांनी दिलेले पैसे?"

"त्याच्याकडे तरी होते कुठे? मी पाव पोचवते म्हटलं असतं, तर तुम्ही तापल्या अंगाने दारात आडवे पडला असतात. भावाने दिले म्हटल्यावर निमूट औषध घेतलंत. तो बिचारा दर वेळी मला म्हणतो, ताई, आता तरी सांगून टाक. दाजींनी खुर्ची पुढे केली की मला बसवत नाही."

"आणि दांडी परत वर का लावलीस?"

"तुम्ही बरे झालात ना. बायकी सायकलवरून कारखान्यात गेला असतात, तर लोक हसले असते."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. फिटरने तर वळसा घालून थेट मेहुण्यापुढे हात जोडले होते, तेही इतकी वर्षं. आणि जिला जोडायचे ती त्याच मेहुण्यासाठी आत चहा टाकत असायची.

त्याचे डोळे भरून आले. पुसायला जावं तर हात काळेकुट्ट, म्हणून त्याने ते तसेच वाहू दिले.

"तुझ्यामुळे जगलो मी," तो म्हणाला. "आणि तुला एकदाही म्हटलं नाही तसं."

"आता म्हणालात ना. पावलं मला." तिने पदराने त्याचे गाल पुसले. "उठा, प्रायमर मारून घ्या. वाळायला वेळ लागतो त्याला."

तो उठला. प्रायमरच्या डब्याला मात्र त्याने हात लावला नाही. सांगाडा उचलून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला आणि खिळ्यावरची लोखंड कापायची करवत काढली.

"अहो, हे काय? परवा भाऊ येणार आहे!"

"येऊ देत. त्यांना छानसं घड्याळ घेऊ, आणि खुर्चीही तीच देऊ. एवढी वर्षं फुकटचे आभार सोसले त्यांनी. चालवशील ना तू?"

"या वयात? गुडघ्यांना विचारून सांगते."

"विचार. तोवर मी दांडी उतरवतो."

त्याने करवतीचं पातं पितळेच्या अंगठीवर ठेवलं आणि ओढलं. पिवळी भुकटी फरशीवर पडू लागली. सुट्या होऊ लागलेल्या टोकाने अंग हलवलं तशी बायको पुढे झाली आणि तिने दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"हळू," ती म्हणाली. "मागच्या वेळी दोन्ही टोकं मीच धरली होती."