मोठ्या आवाजाचं मशीन

कोल्हापुरातल्या दुकानात विक्री करणाऱ्या सुष्मितानं प्रभुलिंग काकांना गवत कापायचं बॅटरीवरचं अरुंद मशीन दाखवलं. त्यांचं लॉन दोन खोल्यांएवढं आणि फाटक अडीच फुटांचं होतं.

"ह्याला आवाजच न्हाय की!" ते खेकसले. "शिरोलीतल्या कारखान्यांची लॉन कापायला ठेकेदार नेत्यात, ते पेट्रोलवालं द्या."

"काका, ते तुमच्या फाटकातनं आत जाणार नाही."

"फाटक उपटतो. भिंतीपल्याड थोरला भाऊ ऱ्हातोय. वाटणीत माझं निम्मं अंगण खाल्लंय त्यानं. आता दुपारचं झोपून दाखवू दे!"

त्यांनी फाटक खरंच उपटलं. रोज दुपारी दोनला मशीन धडधडायला लागलं. कापायला गवत उरलं नाही, तरी प्रभुलिंग ते फिरवत राहिले. भिंतीपलीकडून चकार शब्द येत नव्हता, त्यामुळं ते आणखीच पेटले.

आठव्या दिवशी मशीन बंद करून ते भिंतीवरून ओरडले, "झोप लागती का रं, थोरल्या?"

उत्तर आलं ते वहिनींचं.

"भावजी, दोन वर्षं झाली, ह्यांना कायबी ऐकू येत न्हाय."