शोकसभेचं भाषण

साहेबांनी पोटच्या मुलीकडे पाहिलं आणि हात जोडले. "या ताई, बसा. आपलं काय काम होतं?"

मुलगी उभीच राहिली. इस्पितळाच्या त्या लांबट खोलीत खिडक्यांना जाळ्या होत्या, दाराशी पोलीस होता, आणि मधोमध पट्ट्यापट्ट्यांच्या ढगळ कपड्यांत तिचे बाबा होते. सदऱ्याची इस्त्री जरा मोडली तरी घर डोक्यावर घेणारा माणूस. तिला भरून आलं. आणि खरं सांगायचं तर थोडं हायसंही वाटलं.

"कुणालाच ओळखत नाहीत," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या. "निदान तसं दिसतंय तरी."

या बाईंना कोर्टाला एवढंच कळवायचं होतं, की खून करताना हा माणूस भानावर होता की नव्हता. खुनाबद्दल वादच नव्हता. साहेबांनी भर दुपारी, स्वतःच्या कचेरीत, कपाटावरचं जडशीळ सन्मानचिन्ह उचलून आपल्या सेक्रेटरीच्या डोक्यात घातलं होतं. का, ते कुणालाच सांगता येईना. साहेब सतरंज्या उचलायचे तेव्हापासूनचा हा सोबती. साहेबांचं प्रत्येक भाषण त्यानंच लिहिलेलं. भाषणाच्या वेळी मंचावर तो त्यांच्या डाव्या खांद्यामागे बसायचा, आणि साहेब अडखळले की पुढचा शब्द हळूच पुरवायचा. मुलगी त्याला काका म्हणायची. तिला सायकल शिकवली ती काकांनी. साहेबांना वेळ कुठला!

'झटका आला होता, एवढंच म्हणा,' असं वकिलानं तिला पढवून पाठवलं होतं. पढवायची काही गरज नव्हती. तिचा त्यावर विश्वासच होता. बाबांना वेड लागलं असेल, तर काकांना एका आजारानं नेलं असं म्हणता येत होतं आणि बाबा अजून तिचे बाबा होते. तसं नसेल, तर दोघेही गेले.

"रोज या वेळेला भाषण करतात," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऐका. मग आपण बोलू."

साहेब स्टुलावर चढले. पलंगांवरची माणसं सवयीनं सावरून बसली. एकानं टाळ्या वाजवायला सुरुवात केली, तेव्हा शेजारच्यानं त्याचे हात धरून ठेवले.

"बंधुभगिनींनो, आज माझा माणूस गेला."

आवाज तोच होता, मैदान भरून टाकणारा. साहेबांनी काकांचं पूर्ण नाव घेतलं आणि त्यांच्या गालांवरून खरोखरीचं पाणी वाहू लागलं. ज्याला मारलं, त्याचीच शोकसभा! दाराशी उभ्या पोलिसानंसुद्धा टोपी काढून काखेत धरली. आणखी कसला पुरावा हवाय या बाईंना, असं मुलीच्या मनात आलं. तिनं पदराच्या टोकानं डोळे पुसले.

"काही माणसं खुर्चीवर बसत नाहीत," साहेब म्हणाले. "खुर्ची डुगडुगू नये म्हणून तिचा पाय धरून बसतात."

मुलीचा हात डोळ्यांशीच थांबला.

हे वाक्य तिनं ऐकलं होतं. पण बाबांच्या तोंडून नव्हे. काका गेले त्याच्या आदल्या आठवड्यात त्यांचा फोन आला होता. नवीन भाषण लिहिलं की ते तिला वाचून दाखवल्याशिवाय राहायचे नाहीत. या वाक्यावर तर स्वारी भलतीच खूश होती, दोनदा वाचलं होतं. 'शोकसभेचं आहे गं,' म्हणाले होते. 'कोण गेलं, काका?' असं तिनं विचारलंही होतं.

तिनं पलंगाचा लोखंडी दांडा घट्ट धरला. साहेब बोलत होते आणि एकामागून एक काकांची वाक्यं येत होती, तीच, त्याच क्रमानं. डॉक्टरीणबाई मन लावून लिहीत होत्या. त्या फोनबद्दल जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं. बाप शिक्षेतून सुटत होता.

"असा माणूस गेला, हे त्याच दिवशी कळत नाही," साहेब म्हणाले. "ते कळतं..."

आणि अडले.

"ते कळतं..." साहेबांनी मान डाव्या खांद्यावरून मागे वळवली. मागे भिंत होती. ओल आलेली, पोपडे सुटलेली. साहेब तिच्याकडे बघत राहिले.

"सवयीनं मागे वळून पाहिलं की," मुलगी म्हणाली.

साहेबांनी चेहरा पुन्हा पुढे वळवला. गाल ओले होते, पण डोळे कोरडे ठक्क. ते सावकाश स्टुलावरून उतरले आणि तिच्यासमोर येऊन उभे राहिले.

"छकुले," ते म्हणाले. घरी, जेवणाच्या टेबलावर असायचा तसा शांत आवाज. "हे तुला कुणी सांगितलं?"

डॉक्टरीणबाईंचं लिहिणं थांबलं.

"काकांनी. फोनवर वाचून दाखवलं होतं. कोण गेलं म्हणून विचारलं, तर हसले. म्हणाले, साहेबांनी नावाची जागा कोरी ठेवायला सांगितलीय."